एअर रायफलचे छर्रे कसे निवडायचे: नाशिकच्या नव्या नेमबाजांसाठी

ऑनलाइन छर्रे शोधायला बसलात की पहिल्याच पानावर डोकं गरगरतं. एका डबीवर ससा, दुसरीवर कबुतर, तिसरीवर थेट रानडुक्कर. नावं 'मॅग्नम', 'हंटर', 'पॉवर' अशी दणदणीत. मुलाला नुकतंच रेंजवर घातलेले पालक साहजिकच नावाला भुलतात आणि चार वेगवेगळ्या डब्या मागवून बसतात. १० मीटरवरच्या कागदी टार्गेटसाठी त्यातली एकही कामाची नसते, असंही पुष्कळदा होतं.

ही चित्रं आणि नावं ज्या देशांत एअरगनने छोट्या प्राण्यांची शिकार कायदेशीर आहे, तिथल्या गिऱ्हाइकासाठी असतात. छर्ऱ्याचा आकार तो काय करणार यावरून ठरतो. तुमचं काम कागदावर स्वच्छ भोक पाडण्याचं आहे, एवढं पक्कं धरलंत की निवड सोपी होते.

१. आधी कायदा, मग खरेदी

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून ५.५ मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट टू-टूच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. ५.५ ची डबी चुकून मागवली तर ती तुमच्या नळीत जाणारच नाही. ऑर्डर देण्याआधी '४.५' किंवा 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' असं लिहिलेलं आहे ना, ते पाहा.

खरेदीच्या वेळी जवळ ठेवा:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि पत्त्याचा पुरावा
- मूल अठरा वर्षांखालचं असेल तर खरेदी पालकांच्या नावाने
- रायफलचं बिल, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतलेला. त्याची झेरॉक्स रायफलच्या केसमध्ये कायमची

आता दुसरा कायदा, आणि हा नाशिकमध्ये जास्त महत्त्वाचा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं भरायला लागली की पाखरांचा त्रास सुरू होतो, आणि कुणीतरी सल्ला देतंच, 'एक एअरगन घे, दोन पाडली की बाकीची येत नाहीत.' हा सल्ला तुरुंगाच्या दारात नेणारा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. नेम चुकला म्हणून सुटका नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत, मोर त्यातलाच, किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे. पोपटही संरक्षित आहे. बागेला जाळी लावा. डुक्कर-नीलगायीने पीक खाल्लं तर वनविभागाकडे ताबडतोब अर्ज करून पंचनामा करून घ्या. भटकी कुत्री, पाळीव कबुतरं यांच्यावर छर्रा मारणं हाही वेगळा गुन्हा आहे.

२. छर्ऱ्याची रचना हातात घेऊन बघा

एक छर्रा तळहातावर घ्या. पुढे भरीव डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. रेंजवर या घेराला स्कर्ट म्हणतात. हवेचा दाब पोकळ स्कर्टमध्ये शिरतो, पातळ शिसं बाहेर फुलतं आणि नळीतल्या सर्पिल खाचांना घट्ट बसतं. त्यामुळे मागची हवा निसटत नाही आणि छर्ऱ्याला फिरकी मिळते. डोकं जेमतेम खाचांना टेकून त्याला मधोमध ठेवतं.

वजन पुढे आणि घेर मागे असल्यामुळे उडताना तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे करून सरळ राहतो. म्हणूनच स्कर्टची कड दुमडली किंवा चेपली की तो वाकडा जातो, मग डबी कितीही महागाची असो.

३. चार आकार, चार स्वभाव

सपाट डोक्याचा, म्हणजे वॅडकटर. तुम्हाला हवा तो हाच. धारदार कडेमुळे कागदात पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल भोक पडतं. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त ०.५ मिलिमीटरचं असतं, नऊचं ५.५ मिलिमीटरचं, आणि गुण भोकाची कड कोणत्या वर्तुळाला शिवते यावरून ठरतात. दशांश गुणांमध्ये ०.२५ मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. अशा हिशेबात भोकाची कड स्पष्ट असावीच लागते. नियमात आकाराची सक्ती नाही, शिसं किंवा तसाच मऊ पदार्थ चालतो. पण १० मीटरवर सगळे सपाटच वापरतात ते या कारणाने. याचा तोटा एवढाच, की सपाट तोंडाला हवा जास्त अडते. साधारण २५ मीटरच्या पुढे वेग झपाट्याने घटतो आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, फाटायला लागतो.

गोल डोक्याचा, म्हणजे डोम. हवेला कमी अडतो, वेग टिकवतो, लांब पल्ल्यावर सर्वांत भरवशाचा. परदेशात फील्ड टार्गेट नावाचा खेळ आहे, ५० मीटरपर्यंतचा. तिथे हाच चालतो. कागदावर मात्र घोळ होतो. गोल डोकं कागद कापत नाही, ढकलून फाडतं. मग तंतू परत मिटतात आणि भोक ४.५ पेक्षा लहान दिसतं. वर्तुळाला शिवलेला छर्रा न शिवल्यासारखा दिसतो आणि परीक्षकाशी वाद होतो.

टोकदार. दिसायला सर्वांत भारी, अचूकतेत बहुधा सर्वांत मागे. मऊ शिशाचं टोक डबीत एकमेकांवर आपटून वाकतं, आणि टोक मध्यरेषेपासून जरा हललं तरी फिरकी बिघडते. जास्त खोल शिरतो, हे खरं. त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

खोलगट टोकाचा, म्हणजे हॉलो पॉइंट. आदळल्यावर टोकाचा खळगा उघडून छर्रा पसरावा आणि ऊर्जा आतच सोडावी, ही कल्पना. मोठ्या रायफलच्या शिकारी गोळ्यांमध्येही मूळ विचार हाच: पूर्ण धातूच्या आवरणातली गोळी आरपार जाते, टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी आत पसरते. अशा पसरणाऱ्या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात बनल्या, तिथूनच त्यांना ते नाव पडलं, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध केला. एअर रायफलच्या छर्ऱ्याकडे मात्र एवढा वेग नसतो. अंतर वाढलं की तो खळगा उघडतच नाही, फक्त हवा अडवतो. नेमबाजाने यावर पैसे घालवू नयेत.

४. वजन आणि डोक्याचा व्यास

सामन्याच्या रायफलसाठीचे छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे, म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपासचे. पिस्तूलसाठी हलके, ०.४५ ते ०.५० ग्रॅम. डबीवर 'रायफल' किंवा 'पिस्टल' लिहिलेलं असतं, पण छाप सारखीच असल्याने घाईत अदलाबदल होते. पिस्तूलवाले छर्रे रायफलमध्ये चालतात, बिघडत काही नाही, फक्त लागण्याची जागा बदलते. काही रायफलींना तर तेच जास्त मानवतात.

सामन्याची रायफल हा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटरने सोडते. ऊर्जा निघते ८ ज्यूलच्या आसपास. यापेक्षा वेगाची इथे गरज नाही. 'सुपर व्हेलॉसिटी' म्हणून विकले जाणारे मिश्रधातूचे अतिहलके छर्रे तर टाळाच. जोरदार स्प्रिंग रायफलमध्ये, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या रायफलमध्ये, ते आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या, जवळपास जातात आणि तिथे डगमगतात. शिवाय छर्रा इतका हलका असला की पिस्टनला पुढून हवेची उशी मिळत नाही, तो धाडकन टोकाला आदळतो आणि सील लवकर जातं. न भरता ट्रिगर ओढल्यावर हेच होतं. स्प्रिंग रायफल रिकामी कधीही झाडू नका.

डोक्याचा व्यास चांगल्या डब्यांवर छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. कोणता चांगला, याचं उत्तर तुमची नळी देईल. मित्राच्या रायफलला ४.५० आवडतो म्हणून तुमच्याही आवडेल असं नाही, दोन्ही रायफली एकाच कंपनीच्या असल्या तरी.

५. डबी घेताना

आर.डब्ल्यू.एस., एच अँड एन आणि जे.एस.बी. ही नावं रेंजवर सारखी ऐकू येतील. पहिल्या दोन जर्मन, तिसरी चेक. त्यांच्याही स्वस्त आणि महाग अशा मालिका असतात. सरावाला स्वस्त मालिका पुरेशी आहे. ज्याचा ग्रुप अजून एक रुपयाच्या नाण्याएवढा पसरतो, त्याने महागाची डबी घेऊन फरक पडत नाही. तो पैसा शूटिंग जॅकेटसाठी ठेवावा.

डबीच्या मागे किंवा तळाशी लॉट क्रमांक असतो. एकच मालिका, एकच व्यास, पण वेगळा लॉट म्हणजे व्यवहारात वेगळा छर्रा, कारण साचा झिजतो आणि बदलतो. आधी एक डबी घेऊन तपासा, जमली तर त्याच लॉटच्या आणखी घ्या. किती? सामन्यात ६० शॉट, वर सायटर, म्हणजे सामन्याआधी साइट (नेम धरायची खूण) जुळवण्याचे शॉट, धरून ७५-८० होतात. म्हणजे ५०० ची डबी पूर्ण सामन्याच्या सहा सरावांत संपते.

स्टीलच्या गोल बीबी या रायफलींत घालू नका. शिसं मऊ असतं, स्टील नळीच्या खाचा खरवडतं, आणि कडक पृष्ठभागावरून ती गोळी उलटी अंगावर येते.

६. डबी उघडल्यावर

टेबलावर पांढरा सुती कपडा घाला आणि छर्रे हळूच ओता. ओतताना डबी उंच धरू नका. शिशाचे कण, दुमडलेले स्कर्ट, चपटी डोकी लगेच दिसतात. मग एक काच थोडी तिरकी ठेवून एकेक छर्रा घरंगळत सोडा. डोकं आणि स्कर्ट यांच्या व्यासात फरक असल्यामुळे प्रत्येक छर्रा वळणावरून जाणार; चांगल्या डबीत सगळ्यांचं वळण जवळपास एकसारखं असतं. जो थरथरत किंवा अडखळत जातो, तो बाजूला. बाजूला काढलेले ट्रिगरच्या सरावासाठी ठेवा.

वजन करत बसण्याचा छंद पुष्कळांना लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तर काहीच कळणार नाही. ०.०१ ग्रॅमचा काटाही निरुपयोगी, कारण चांगल्या डबीतला फरक त्याच्याही खालचा असतो. सराफ बाजारात सोनं तोलतात तसा एक मिलिग्रॅम दाखवणारा काटा असेल तरच अर्थ आहे, आणि तोही राज्य पातळीच्या पुढे गेल्यावर. सुरुवातीला काच पुरे.

७. रेंजवर चाचणी

लागेल एवढं: तीन-चार प्रकारचे छर्रे, प्रत्येकी निदान पन्नास, नवी टार्गेट, वाळूची किंवा तांदळाची मऊ पिशवी, मिलिमीटरची पट्टी, पेन.

क. नळी साफ करा. हवेच्या सिलिंडरच्या रायफलमधून फेल्टच्या गोळ्या झाडा, स्प्रिंग रायफलमध्ये ओढदोरीने फडकं ओढा. तेल लावलं असेल तर कोरडं फडकं शेवटी.

ख. छर्ऱ्याचा प्रकार बदललात की पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका. आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीत असतं. नव्याचा थर बसायला तेवढे लागतात. नवखे इथेच फसतात. पहिल्या पाचांचा ग्रुप फाटला की डबी 'वाईट' ठरवून मोकळे होतात.

ग. हवेच्या सिलिंडरची रायफल पिशवीवर घट्ट टेकवून मारा. स्प्रिंग रायफल मात्र घट्ट दाबायची नाही. पुढचा हात पिशवीवर ठेवून रायफल तळहातावर सैल ठेवा. छर्रा नळीत असतानाच तिला पुढे-मागे झटका बसतो, आणि दरवेळी तो झटका तसाच होऊ द्यायचा असतो.

घ. प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मारा. पाच शॉटचा एकच ग्रुप पाहून निर्णय घेऊ नका. पाच शॉट योगायोगाने एका भोकात जाऊ शकतात, दुसऱ्याच ग्रुपला दुप्पट पसरतात.

च. भोकांच्या बाहेरच्या दोन टोकांतलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. समजा ७.५ आलं, तर केंद्रापासून केंद्रापर्यंत ३ मिलिमीटर. टार्गेटवर तारीख, लॉट आणि व्यास लगेच लिहा. घरी गेल्यावर आठवत नाही.

सामन्याच्या रायफलवर चांगला छर्रा दहाच्या दहा शॉटना जवळजवळ एकच भोक पाडतो, बाहेरून बाहेर ६ मिलिमीटरच्या आसपास. क्लबच्या जुन्या रायफलवर ७-८ आलं तरी तक्रार नको. ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायच्या, स्प्रिंग रायफलवर केंद्र-ते-केंद्र १५ मिलिमीटर मिळाले तरी सुरुवातीला चांगलं. दोन प्रकारांत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक असेल तर स्वस्त डबी घ्या.

ग्रुप लहान पण मध्यापासून लांब असेल तर छर्ऱ्यात दोष नाही, साइट सरकवा. ग्रुप उभा पसरत असेल तर आधी श्वास आणि सिलिंडरचा दाब तपासा. पुष्कळदा दोष छर्ऱ्यावर ढकलला जातो आणि खरा दोष सैल झालेल्या साइटच्या स्क्रूत निघतो.

८. नाशिकची हवा

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या डबीतल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ते शिशाचं गंजणं आहे. भुकटी धरलेले छर्रे वापरू नका आणि ती फुंकू नका, कारण ती श्वासात जाते. डबी झाकण लावून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. झाकणाखालचा फोम फेकू नका. तो छर्ऱ्यांना आपटू देत नाही. स्कूटरच्या डिकीत डबी नको. शहरातल्या खड्ड्यांत दोन-चार फेऱ्या झाल्या की निम्मे स्कर्ट दुमडलेले सापडतात.

काही जण छर्ऱ्यांना तेल चोळतात. स्प्रिंग रायफलमध्ये हे धोक्याचं: दाबाने हवा तापते, तेल पेटतं, मोठा आवाज आणि धूर येतो, आणि सील नाहीतर स्प्रिंग तुटते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाचाखाली जातो तेव्हा स्प्रिंग रायफलचं ग्रीस घट्ट होतं आणि वेग थोडा उतरतो. सराव सुरू करताना पाच-सहा शॉट वाया जाऊ द्या.

स्पर्धेला वरळीला गेल्यावर 'मुंबईची हवा जड आहे, म्हणून खाली लागतंय' असं हमखास ऐकू येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे खरं, पण १० मीटरच्या अंतरात हवेच्या त्या फरकाचा परिणाम नगण्य. बदल होतो तो रेंजवरच्या प्रकाशामुळे, नाहीतर कसारा घाटात गाडीत साइटला बसलेल्या धक्क्यामुळे.

९. शिसं आणि परत येणारे छर्रे

छर्रे तोंडात धरायचे नाहीत, मुलांना ही सवय पटकन लागते. रेंजवर खाणं-पिणं नाही. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, मगच डबा उघडायचा. सांडलेली भुकटी झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

घरी मारणार असाल तर मागे लाकडी फळी किंवा सरळ उभा पत्रा नको. दोन्हींवरून छर्रा परत येतो. लोखंडी पेटीत पत्रा ४५ अंशांत, खाली झुकलेला लावा, म्हणजे छर्रा खालीच पडतो. पेटीमागे भिंत हवी, शेजारी दार किंवा खिडकी नको, आणि डोळ्यांना चष्मा सगळ्यांच्या, बघणाऱ्यांच्याही.

१०. स्पर्धेचा रस्ता

शाळकरी मुलांसाठी पहिली पायरी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा. तिथे ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) आणि पीप साइट (बारीक भोकातून बघायची) असे वेगळे प्रकार असतात. मुलाच्या रायफलवर कोणती साइट आहे ते बघूनच नाव द्या, चुकीच्या प्रकारात नाव गेलं की ऐनवेळी बदलत नाही. लागतं: जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, फोटो, पालकांचं संमतीपत्र. पुढे राज्य पातळीसाठी महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि राष्ट्रीय पातळीसाठी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचं नेमबाज ओळखपत्र. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. स्कॅन केलेली कागदपत्रं ठरलेल्या आकारात नसली की अर्ज परत येतो.

स्पर्धेला जाताना तपासलेल्या लॉटच्या दोन डब्या घ्या, एक हातातल्या बॅगेत आणि एक रायफलच्या केसमध्ये. रेल्वेने जात असाल तर क्लबचं पत्र आणि बिलाची झेरॉक्स वरच्या कप्प्यात. विमानाने जायचं असेल तर छर्रे आणि रायफल दोन्ही चेक-इन सामानात जातात, सिलिंडर पूर्ण रिकामा करावा लागतो, आणि विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवावं लागतं. मॅच सुरू होण्याआधी ६० छर्रे ट्रेमध्ये मोजून ठेवा आणि सायटरचे वेगळे. सायटरच्या ट्रेमधला छर्रा चुकून मॅचमध्ये गेला तर काही बिघडत नाही, पण शेवटी मॅचच्या ट्रेमध्ये एक उरला की आपण ५९ मारले की ६०, हे आठवण्यात पाच मिनिटं जातात.